डीपीचे अर्थिंग : वरून शाबूत, आतून कुजलेले



ऐन आगोटीच्या दिवसांत मालवण किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून आम्हाला पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा : “माडाच्या बागेत तीन हॉर्सपॉवरचा पंप आहे. पंप उत्तम चालतो. फक्त टाकीच्या नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. घरातली माणसं रबरी चप्पल घालून पाणी भरतात, मग काही होत नाही. यावर काही करावं लागेल का?”

करावं लागेल, आणि आजच करावं लागेल. पत्राचं उत्तर पत्राने देण्याइतकी सवड या बाबतीत नसते. म्हणून परवानाधारक वायरमन बरोबर घेऊन आम्ही तिकडे गेलो. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवले आणि मगच पंपाजवळ गेलो. बागेचे मालक वयस्कर. ते म्हणाले, “पंप चालू आसा मां, मगे अर्थिंगाक काय झाला?” त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. फ्यूज गेली तर पंप थांबतो, बेअरिंग गेलं तर पंप ओरडतो. अर्थिंगची तार तुटली तर काहीच होत नाही. पंप चालतो, दिवे लागतात, टीव्ही दिसतो. ज्या दिवशी मोटारीच्या वाइंडिंगमधला करंट बॉडीवर येतो, त्या दिवशी ती तार तुटलेली असल्याचं कळतं, आणि कळतं ते कुणाच्या तरी हाताला.

मोटारीच्या बॉडीपासून जमिनीत गेलेली आठ नंबरची जीआय तार वरून चांगली दिसत होती. वायरमनने चार बोटं माती उकरली. खाली तार नव्हतीच, होती ती लाल भुकटी. वरच्या टोकाला हात लावला तर दातकोरणीसारखं तुटून हातात आलं.

मग आमची नजर गेली बागेच्या कोपऱ्यावरच्या डीपीकडे. तिथल्या पट्ट्यासुद्धा त्याच मातीत, त्याच खाऱ्या वाऱ्यात उभ्या होत्या. एक पट्टी तर कुणीतरी बांधलेल्या चिऱ्याच्या गडग्याखाली गाडली गेली होती. डीपीला आम्ही हात लावला नाही. वीज कार्यालयाला कळवलं, त्यांची माणसं आली, लाइन बंद करून त्यांनी खड्डे उघडले. एक अर्थिंग धड होतं, एक सुतावर लोंबत होतं, एक पार तुटलेलं होतं. वर ट्रान्सफॉर्मर मात्र शांतपणे गुणगुणत होता.

डीपीला अर्थिंग कशासाठी?

आपण ज्याला डीपी म्हणतो तो दोन खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टची वीज घेऊन आपल्याला 230 आणि 400 व्होल्टच्या आसपासची वीज देतो. त्याच्यापासून साधारणपणे तीन ठिकाणी पट्ट्या किंवा तारा जमिनीत जातात. तिघांची कामं निरनिराळी.

पहिली लाइटनिंग अरेस्टरची, म्हणजे वीज पडली तर तिला जमिनीत वाट करून देणारी. आकाशातली वीज हजारो अँपिअरची असते. अर्थिंगचा रोध 10 ओहम आणि विजेचा लोंढा 10 हजार अँपिअरचा धरला, तर गुणाकार होतो एक लाख व्होल्ट. म्हणजे अरेस्टर लावूनही ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ही तार सरळ आणि आखूड हवी. उरलेल्या तारेची खांबावर स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ठेवतात तेव्हा काम नीटनेटकं दिसतं, पण विजेचा लोंढा अशा गुंडाळीत अडतो.

दुसरी न्यूट्रलची. ही सुटली आणि त्याच वेळी न्यूट्रलच्या तारेचाही जोड सैल झाला, तर वाडीतल्या काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत भगभगून उडतात. एका घरात 150 व्होल्ट तर शेजारी 300 च्या वर, असा खेळ चालतो. फ्रिज जळाला म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्याच्याही घरी तसंच झालं असेल, तर दुखणं डीपीकडे आहे.

तिसरी ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीची, लोखंडी चौकटीची आणि स्विचच्या हँडलची. ट्रान्सफॉर्मरमध्ये 11 हजाराचं इन्शुलेशन फुटलं तर तो सगळा दाब बॉडीवर येतो. अर्थिंग चांगलं असेल तर मोठा करंट जमिनीत जातो, सबस्टेशनमधला रिले ते ओळखतो आणि लाइन पडते. अर्थिंग कुजलं असेल तर करंट थोडाच जातो, रिलेला पत्ता लागत नाही, आणि डीपीखालची ओली जमीन कित्येक वेळ जिवंत राहते. अशा जमिनीवर गुरं आधी मरतात. कारण साधं आहे. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय माणसाच्या पावलापेक्षा कितीतरी लांब अंतरावर असतात, त्यामुळे दोन्ही पायांतला व्होल्टेजचा फरक मोठा होतो, आणि वाटेत छाती येते. खांबाजवळ गुरू बिचकलं, पाय टाकीना, तर त्याला काठीने पुढे ढकलू नका. त्याला कळलंय ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत न्यूट्रल आणि ट्रान्सफॉर्मरची बॉडी, दोन्ही प्रत्येकी दोन स्वतंत्र जोडांनी जमिनीला जोडायला सांगितलं आहे. दोन कशाला, असं विचाराल. वरच्या वाडीतला प्रकार वाचलात ना? एक कुजली तर दुसरी उभी राहावी म्हणून.

खाजण आणि सडा : दोन निराळी दुखणी

आपल्या जिल्ह्यात एका दिवसाच्या चालीत जमीन बदलते. देवबाग-तारकर्लीला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे पुळण. खाडीच्या कडेला खाजणाची खारी चिखलजमीन. आणि जरा चढून कुंभारमाठच्या बाजूला आलात की जांभ्याचा सडा.

खाजणात आणि खाऱ्या ओलसर पुळणीत करंट सहज पसरतो. मेगरवर मोजलं तर अर्थिंग झकास दिसतं. पण मीठ लोखंड खातं. त्यातही तार सगळीकडे सारखी कुजत नाही. ती कुजते जमिनीच्या तोंडाशी, वीतभर वर आणि वीतभर खाली. वरच्या भागाला वारा आणि ऊन लागतं, खालच्या भागाला सतत ओल असते. मधल्या पट्ट्यात ओल, मीठ आणि हवा तिन्ही एकत्र येतात, आणि तिथे तार कमरेत बारीक होत जाते. म्हणून वरचं टोक चकचकीत आणि खालची नळी शाबूत असूनही अर्थिंग मेलेलं असू शकतं.

सड्यावर उलट. जांभ्यात तार लवकर कुजत नाही, पण कातळात करंट पसरायला जागाच नसते. अडीच-तीन मीटरच्या एका नळीचा रोध तिथे उन्हाळ्यात शंभर ओहमच्या वर जाऊ शकतो. वितरण ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग साधारणपणे 5 ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे, यावरून काय ते समजा. सड्यावरची आणखी एक गोष्ट. तुटून पडलेली तार सुक्या कातळावर किंवा सुक्या पुळणीवर पडली तर लाइन पडेलच असं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा जागोजागी खांब आडवे झाले, तारा माडांत आणि वाटांवर लोंबल्या. पडलेली तार थिणगी टाकत नाही म्हणून ती मेलेली आहे, असं कधीच समजू नये.

तपासणी कशी होते?

एक गोष्ट आधीच सांगतो. डीपीचं अर्थिंग तपासणं आणि दुरुस्त करणं हे काम महावितरणच्या माणसांचं. बर्फाचा कारखाना, काजूचा कारखाना किंवा हॉटेल यांचा स्वतःचा उच्चदाबाचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर ते काम परवानाधारक ठेकेदाराचं आणि देखरेख विद्युत निरीक्षकांची. मग आपण हे कशाला वाचायचं? काम बरोबर झालं की नाही हे समोर उभं राहून ओळखता यावं म्हणून. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने तर हा भाग दोनदा वाचावा. त्याची फरशी बारा महिने ओली, त्यात मीठ आणि त्यावर अनवाणी कामगार.

पहिली तपासणी डोळ्यांची. जीआय पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर जस्त झिजत आहे, लोखंड अजून झाकलेलं आहे. लाल गंज दिसला तर जस्त संपलं, आता लोखंडाची पाळी. आणि गंज पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असेल, हातोडीच्या हलक्या टोल्याने खपल्या पडत असतील, तर ती पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवू नये. लाइन बंद असताना जमिनीच्या तोंडाशी फूटभर उकरायचं, पट्टी ब्रशने साफ करायची आणि जाडी मोजायची. आमचा अंदाज असा की मूळ जाडीचा तिसरा हिस्सा गेला असेल, तर जोड देत बसू नये, पूर्ण तुकडा बदलावा. जोडावरचे नटबोल्ट हाताने हलतात का, जोडाजवळ काळानिळा डाग आहे का, तेही पाहायचं. डाग म्हणजे जोड कधीतरी तापला आहे.

दुसरी तपासणी उपकरणाची, आणि इथे फसगत फार होते. पुष्कळ वायरमन खिशातला मल्टिमीटर दोन टोकांना लावतात, तो पीं वाजला की ‘अर्थिंग ओके’ म्हणतात. त्या मीटरमधून करंट जातो अगदी किरकोळ. केसाएवढा धागा शिल्लक असला तरी तो वाजतो. खरा दोष झाला की त्याच धाग्यातून शेकडो अँपिअर जायचे असतात, आणि तो क्षणात वितळतो. जोड तपासायचा तर बऱ्यापैकी करंट सोडून अगदी सूक्ष्म रोध मोजणारं उपकरण लागतं.

दिव्याची चाचणी त्याहून वाईट. फेजवरून एक बल्ब घ्यायचा, दुसरं टोक अर्थला लावायचं, दिवा लागला की अर्थिंग चांगलं, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. हिशेब करून पाहू. शंभर वॅटच्या जुन्या बल्बचा तापल्यावरचा रोध सुमारे 530 ओहम. अर्थिंग 50 ओहमचं, म्हणजे अगदी टाकाऊ असलं, तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात. दिवा झकास पेटतो! आणि अर्थची तार मधेच तुटलेली असेल तर बल्ब पेटत नाही, पण फेजचा दाब बल्बमधून पंपाच्या बॉडीवर येऊन बसतो. त्या क्षणी कुणी पंपाला टेकून उभं असेल तर चाचणी करणाऱ्यानेच त्याचा घात केला. घरी ही चाचणी कुणी करू नये.

जमिनीचा रोध मोजायचा तो अर्थ टेस्टरने. एका रेषेत दोन खुंट्या लांब ठोकतात, एक साधारण पन्नास मीटरवर आणि दुसरी त्याच्या मध्यापासून थोडी पुढे. जी नळी मोजायची ती इतरांपासून सोडवून मोजतात, म्हणून हे काम लाइन बंद असतानाच. मधली खुंटी थोडी मागेपुढे सरकवूनही आकडा तोच राहिला तर मोजणी खरी. मोजणी केव्हा करायची, यावर 1956 च्या जुन्या विद्युत नियमांतले शब्द मोठे शहाणपणाचे आहेत : कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी. श्रावणात मोजलं तर सडासुद्धा पास होतो. तेव्हा आकडा घ्यायचा एप्रिल-मेमध्ये, मिरगाच्या आधी, आणि गंज पाहण्यासाठी खड्डा उघडायचा दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. यंदाचे 4 ओहम कळून फारसा उपयोग नाही. गेल्या साली 2 होते हे माहीत असेल, तरच चारचा अर्थ लागतो.

दुरुस्तीतल्या चुका

तुटलेल्या अर्थिंगच्या तारेची दोन टोकं दोन हातांत धरून जोडणं, ही सगळ्यांत जीवघेणी चूक. लोकांना वाटतं, ही तर जमिनीची तार, हिच्यात वीज कुठली? न्यूट्रलच्या अर्थिंगमधून रोजच थोडाफार करंट जात असतो. तार तुटली की वरच्या टोकावर दाब चढतो, आणि जोडणारा माणूस स्वतःच मधला तुकडा होतो. म्हणून लाइन दोन्ही बाजूंनी बंद, स्विचला कुलूप, कागदावर परमिट, बंद लाइनवर अर्थिंग रॉड, एवढं झाल्यावरच तारेला हात. आता घरोघरी जनरेटर, इन्व्हर्टर आहेत. चुकीची जोडणी असेल तर त्यांची वीज उलटी चालत ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिथे तिचे पुन्हा 11 हजार होतात. तुमच्या पडवीतला जनरेटर खांबावरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो, बरं का. बदलताना आधी नवी पट्टी जोडून घेतात, मग जुनी कापतात. मधे एक क्षणही जागा उघडी राहता कामा नये.

पिळून बांधलेली तार म्हणजे जोड नव्हे. पट्टीवर पट्टी चढवायची ती निदान पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट, आणि चारही बाजूंनी वेल्डिंग. वेल्डिंगने जस्त जळतं, म्हणून वर जस्ताचा रंग आणि त्यावर डांबराचा हात. बोल्टचा जोड असेल तर एकाऐवजी दोन बोल्ट, स्प्रिंग वायसरसह, आणि जोड जमिनीच्या वर, डोळ्यांसमोर. तांब्याची वायर जीआय पट्टीला थेट बांधू नये. खाऱ्या ओलीत तांबं आणि जस्त एकत्र आले की बॅटरीसारखं चक्र सुरू होतं आणि जस्त-लोखंड भराभर झिजतं. नवी पट्टी जमिनीत शिरते तिथे वीतभर वर आणि वीतभर खाली डांबरी पट्टी गुंडाळून घ्या, असा आग्रह धरा. हे काम पाव तासाचं, पण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांत मोलाचं.

खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायची जुनी पद्धत आहे. देशावरच्या कोरड्या रानात ती चालते. खाजणाला मात्र आणखी मीठ कशाला हवं? कोळशानेही लोखंडाची झीज वाढते. आमचं मत असं की किनाऱ्यावर बेंटोनाइटची चिकणमाती वापरावी. ती ओल धरते आणि लोखंडाला त्रास देत नाही. सड्यावर एकच नळी कातळात खोल ठोकण्याचा हट्ट सोडावा. दोन-तीन नळ्या एकमेकींपासून पाच मीटरवर ठोकून जोडल्या तर रोध उतरतो. तेही जमत नसेल तर पट्टी चर खणून खालच्या कुणग्यापर्यंत न्यावी आणि जिथे माती भेटते तिथे पसरावी. मात्र पाणवठा, आंघोळीची जागा आणि गुरांची वाट टाळून.

आपल्या पंपापुरतं

आता स्वतःच्या पंपाचा हिशेब पाहा. पंपाचं अर्थिंग 10 ओहम, डीपीच्या न्यूट्रलचं 5 ओहम. मोटारीची फेज बॉडीला लागली तर करंट वाहील 230 भागिले 15, म्हणजे सुमारे 15 अँपिअर. पंधराची फ्यूज वितळायला जवळजवळ त्याच्या दुप्पट करंट लागतो. म्हणजे फ्यूज जाणार नाही, पंप फिरत राहील, आणि त्याच्या बॉडीवर दीडशे व्होल्ट उभे राहतील. अर्थिंग शाबूत असताना ही कथा! म्हणून पंपाच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. फरकाचा करंट तेवढा झाला की तो डोळ्याचं पातं लवण्याआधी वीज तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून पुष्कळजण वायरमनला सांगून त्याला बगल देतात. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय. गळती शोधायची सोडून राखणदाराला हाकलून काय मिळणार? महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो की नाही पाहावं.

डीपीच्या बाबतीत आपलं काम नजर ठेवण्याचं. निदान दहा पावलं दूर उभे राहून पाहा. पट्टी जमिनीजवळ तुटलेली, लोंबणारी किंवा नांगराने, जेसीबीने उखडलेली दिसते का? खड्ड्यावर गडगा, शेणखताचा ढीग किंवा पेंढ्याची उडवी आली आहे का? डीपीच्या खांबाला आणि त्याच्या ताणाला गुरं बांधू नका, कुंपणाची तार अडकवू नका, कपडे वाळत घालू नका. पायाखालच्या जमिनीत झिणझिण्या जाणवल्या तर धावू नका. पावलं जोडून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब सरका. काही दिसलं की 1912 या क्रमांकावर फोन करा. डीपीवर रंगवलेला क्रमांक सांगा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. ‘लाइट गेली’ असं सांगू नका, ‘अर्थिंग तुटलंय’ असं सांगा, म्हणजे येणारी माणसं त्याच तयारीने येतात.

त्या वाडीतल्या पंपाला आता दोन अर्थिंग आहेत, डांबर गुंडाळलेली, आणि बोर्डावर आरसीसीबी. तो पहिल्याच आठवड्यात दोनदा पडला. मोटार उघडली तेव्हा वाइंडिंगमध्ये पाणी शिरलेलं सापडलं. ती आता रिवाइंडिंगला गेली आहे आणि माडांना तोवर शेजारच्या विहिरीवरून पाणी चालू आहे.